सुलभा जेवत नाही

३ मार्च २०२५, सोमवार. पापाकुरा.

आज सुलभाचं वजन साडेत्रेचाळीस किलो भरलं. डिसेंबरात पुण्याहून इकडे परदेशी मुलाकडे, श्रीनाथकडे यायला निघालो तेव्हा एकावन्न होतं. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं झालं आणि सगळं ठीक निघालं. तरी बायको जेवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवड्यांनी परत वजन करू. बेचाळीसच्या खाली गेलं तर हॉस्पिटलात ठेवून नाकातून नळीनं अन्न द्यावं लागेल. तोवर ती रोज काय खाते ते लिहून ठेवा म्हणाल्या. म्हणून ही वही. तेहतीस वर्षं अन्न निरीक्षक होतो, नोंदी ठेवणं मला नवीन नाही. नोंदींच्या जोडीला माझंही चार शब्द लिहीन. इथं बोलायला माणूस नाही.

शेवटी बाईंनी मला पंधरा मिनिटं बाहेर बसवलं. सुलभाशी एकटीशी बोलायचं म्हणाल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या नवऱ्याला बाहेर काढून बायकोला काय विचारतात, देव जाणे. बाहेर एक मूल खेळण्यातली रबरी गाय चाटत होतं. त्याचं झाल्यावर तीच गाय दुसऱ्यानं तोंडात घातली. दोघांच्या आया फोनमध्ये. 

गाडीत सुलभाला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. घरी कसं वाटतं, विचारलं."

"मग?"

"बरं वाटतं म्हटलं."

या घरातली एक पद्धत मला आवडते. साडेसहाला सगळे एका टेबलाशी बसतात. पुण्यात मी जेवून बाहेर पडलो की सुलभा ओट्यापाशी उभ्याउभ्या एकटी जेवायची. इथं माझ्या समोरच बसते, त्यामुळे लक्ष ठेवता येतं. आणि पुण्यासारखंच, आधी मी वेगळ्या चमच्यानं प्रत्येक पदार्थ चाखतो, मग बाकीचे सुरू करतात.

आजची नोंद : सकाळी अर्धी पोळी. दुपारी दोन चमचे ताकभात. संध्याकाळी सुनेनं, वल्लरीनं दुधीची भाजी केली होती, फोडणी किंचित करपलेली. तसं सांगितलं. सुलभानं एक घास घेऊन ताट सारलं.

५ मार्च, बुधवार

नातीचा, सिद्धीचा शाळेचा डबा आज तसाच परत आला. नऊ वर्षांची आहे, मराठी समजते, बोलते इंग्रजीत. वल्लरी मला म्हणाली, "बाबा, ही शाळेत डबा उघडून आधी वास घेते. मुली हसतात तिला."

मी म्हणालो, चांगली सवय आहे.

सिद्धी म्हणाली, "आजोबा डझ इट टू."

सुनेनं भांडी जोरात ठेवली. मुलीला स्वच्छतेची जाण आली याचा आईला त्रास का व्हावा, कळत नाही.

नोंद : एक केळं, अर्धा कप दूध, अर्धी वाटी वरण. वरणात हिंग जुना होता.

८ मार्च, शनिवार

इथून जवळ बॉटनी डाउन्सला मृदुला म्हणून एक बाई आहेत. इकडे मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी एक दिवसाच्या सहली काढतात. त्यांचा मेसेज आला : सकाळी हुनुआचा धबधबा, दुपारी आफ्रिकन मेजवानी. मी उलट विचारलं, आफ्रिका खंड आहे, चोपन्न देशांचा, त्यातल्या कुठल्या स्वयंपाकघरातली मेजवानी? उत्तर आलं, "इथियोपिया, काका. शंभर टक्के शाकाहारी. ईस्टरच्या आधीचा त्यांचा मोठा उपास चालू आहे, दूधतूपसुद्धा नाही."

उपासाला मसूर आणि कोबी खाणारे लोक. मी तो मेसेज पुसूनच टाकणार होतो. सुलभा शेजारी बसली होती. म्हणाली, "जाऊ या का?"

दोन महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. श्रीनाथनं तिथल्या तिथं नावं दिली. मी म्हटलं, येतो, पण माझं ताट, वाटी आणि चमचा बरोबर असेल.

नोंद : दीड फुलका. फुलके बरे होते. एक किंचित कच्चा, तो काढून ठेवायला लावला. नेमका तिच्याच ताटातला होता.

१५ मार्च, शनिवार

सहलीचा दिवस. घाणीचा असा दिवस मी नोकरीतही पाहिला नाही, आणि मी खव्याच्या भट्ट्या पाहिल्या आहेत.

बस नवाला पापाकुरा स्टेशनपाशी आली. ड्रायव्हरनं "किया ओरा" असा इथला नमस्कार करून सुलभाचा हात धरून तिला वर घेतलं. पायात जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा, आणि अंगठ्यांची नखं अशी की पुढची वीस मिनिटं मी खिडकीबाहेरच पाहिलं. बसमध्ये अठरा ज्येष्ठ मंडळी. नागपूरचे एक गृहस्थ घरून आणलेला चिवडा मुठीमुठीनं सगळ्यांना देत होते. त्याच मुठीनं नाकही पुसत होते. मी सुलभाच्या वतीनं नको म्हणालो.

धबधबा मोठा आहे हे खरं. तीसेक मीटर असेल. पण काठाला काय चाललं होतं ते लिहिलं पाहिजे. एक ओला कुत्रा येऊन लोकांच्या चटयांवर अंग झाडत होता आणि लोक हसत होते. एका बाईनं त्याला कुरवाळून त्याच हातानं अंड्याचं सँडविच मुलाला दिलं. खाली डोहाच्या कडेला हिरवी साय आली होती, त्यात बदकांची पिसं आणि एक भिजलेला पाव. धोक्याची पाटी लावलेली असूनही दोन मुलं टॉग्ज घालून, म्हणजे पोहायच्या चड्ड्यांत, त्या पाण्यात उतरली आणि तोंडानं चुळा उडवू लागली. संडासात जाऊन आलो, त्याविषयी लिहीत नाही.

दिवसभरात एकच गोष्ट पटली. पायवाट सुरू होते तिथं बुटांचे तळ ब्रशनं घासून त्यावर औषध फवारावं लागतं. कौरी म्हणून मोठी झाडं आहेत, त्यांना मातीतून रोग लागतो. झाडांची एवढी काळजी. मी बूट दोनदा घासले. नागपूरकर म्हणाले, "साहेब, झाड वाचलं आता. चला."

धबधब्याचे तुषार अंगावर येत होते. कुठल्या कुरणातून वाहत येणारं पाणी, कुणी तपासलंय? मी सुलभावर छत्री धरली. ती थोडा वेळ छत्रीत उभी राहिली आणि मग चार पावलं पुढं गेली. मी छत्री घेऊन मागून गेलो, ती आणखी पुढं. चेहरा पार ओला झाला तिचा, जीभ काढून ओठ चाटत होती. मी म्हटलं, "सुलभा, ते पाणी तोंडात जातंय."

"जाऊ दे हो," म्हणाली.

दुपारी पापाकुऱ्यात परत, एका हॉलवर. तिरुनेश नावाच्या इथियोपियाच्या बाई आणि त्यांच्या दोन बहिणींनी स्वयंपाक केला होता. अंगावर पांढरी सुती ओढणी, दारात उभ्या राहून प्रत्येकाला खांद्याला खांदा लावून भेटत होत्या. मी लांबून नमस्कार केला.

टेबलांवर वेताच्या टोपल्यांनी झाकलेल्या पराती. पाच जणांत एक. ताटं नाहीत, चमचे नाहीत. टोपली काढली तेव्हा परातभर पसरलेली करड्या रंगाची, भोकाभोकांची, ओलसर पोळी. इंजेरा म्हणतात. एखादं फडकं पिळून पसरावं तसं दिसतं. त्यावरच मसुराचं लालभडक कालवण, कोबी-बटाटा, पालेभाजी, बीट, असे ढीग घातलेले. हातानं पोळी तोडायची, कालवण उचलायचं, खायचं. पाच माणसं, पाच हात, एकाच परातीत. प्रत्येकाची बोटं तोंडात जाऊन पुन्हा तिथंच. आमच्याकडे उष्टं म्हणतात याला. ताटाला दुसऱ्याचा हात लागला तर माझ्या आईनं ताट बदललं असतं. इथं ताट हेच उष्टं.

सुलभा वाकून बघत होती. म्हणाली, "अहो, हे पिठलं आहे."

हरभऱ्याच्या पिठाचंच काहीतरी होतं, पिवळसर तांबूस. मी माझं ताट काढलं, चमच्यानं कडेचा नमुना घेतला. पोळीचा वास घेतला. सरळ आंबलेला. मी उभा राहिलो.

"मंडळी, थांबा. हे पीठ निदान तीन दिवस आंबवलेलं आहे. मी खात्यात असतो तर नमुना सील केला असता."

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. मृदुलाबाई धावत आल्या. "काका, आंबोळी खाता ना तुम्ही?"

"आंबोळी रात्रभर आंबवतात. तीन दिवस नाही."

"मग इडली? ढोकळा?"

"त्यांचा वास असा येत नाही."

तिरुनेशनं विचारलं, काय म्हणाले? मृदुलाबाईंनी इंग्रजीत सांगितलं की काकांना कृती जाणून घ्यायची आहे. पण अठरा माणसं हात वर धरून बसली असताना कुणाला काय कळायचं ते कळतंच. तिच्या बहिणीनं हातातली परात परत आत नेली. 

तिरुनेश वाद घालत बसली नाही. आमच्या टेबलाशी आली, सुलभाच्या बाजूला खुर्ची ओढून बसली, पोळीचा तुकडा तोडून त्यात ते पिठलं घेतलं, गुंडाळी केली आणि सुलभाच्या तोंडापुढं धरली. याला गुर्शा म्हणतात, असं मृदुलाबाईंनी सांगितलं. आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवायचा. नाही म्हणायचं नसतं.

त्या हाताचं वर्णन करतो. बोटांना केशरी तेल. याच हातानं तिनं दहा मिनिटांपूर्वी एका लहान पोरीची वेणी घातली होती, ओढणी सारखी केली होती, दाराची कडी धरली होती. मी म्हणालो, "सुलभा, नको."

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

 परक्या बाईची बोटं माझ्या बायकोच्या ओठांना लागली. तिरुनेशनं दुसरा घास दिला. तिसरा दिला. म्हणाली, एका घासानं भांडण होतं, दोनांनी ताटातूट, तिसऱ्यानं माणसं जवळ येतात. तिसऱ्या घासाचं पिठलं सुलभाच्या हनुवटीवर ओघळलं ते तिनं पदरानं पुसलं आणि मग स्वतःचा हात परातीत घातला. नागपूरकरांचा हात शेजारीच होता. "वहिनी, हा लाल मसूर घ्या, जरा झणझणीत आहे," ते म्हणाले. तिनं घेतला. मग बाकीच्या टेबलांवरही सुरू झालं.

मी केळं खाल्लं.

नोंद : सुलभा, इंजेरा अंदाजे एक पूर्ण, पिठल्यासारखं कालवण तीन पळ्या, मसूर, पालेभाजी, बीट. कॉफी दोन छोटे कप. मोजण्यात चूक झाली नाही, मी समोरच होतो. पण ती माझ्याकडे पाठ करून तिरुनेशकडे तोंड करून बसली होती.

१६ मार्च, रविवार

सुलभाचं पोट बिघडेल म्हणून दिवसभर वाट पाहिली. बिघडलं नाही.

घरचं मात्र पुन्हा तेच. मऊ भात दोन चमचे. मी शांतपणे विचारलं, काल खाल्लंस ना, मग आज काय झालं?

"घरी जेवताना दमायला होतं हो," म्हणाली.

जेवताना कोण दमतं? अशक्तपणा. श्रीनाथला व्हिटॅमिन आणायला सांगितलं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं अळूचं फदफदं केलं होतं. पहिल्या चमच्याला मी म्हणालो, मीठ दोन चिमटी जास्त. पुन्हा तिच्या हातून कधीही मीठ जास्त पडलं नाही, इतकी शिकली. अळू मात्र तिनं परत केलं नाही. मला आवडायचं. का केलं नाही, आठवत नाही.

२० मार्च, गुरुवार

वल्लरी मंगळवारी सुलभाला तिरुनेशच्या घरी घेऊन गेली. मला न विचारता. तिथं म्हणे पोटभर जेवली, वर त्यांना आपल्या पिठल्याची फोडणी शिकवून आली.

मी कालपासून वाचतो आहे. इंजेऱ्याचं धान्य टेफ, त्यात लोह भरपूर. म्हणजे हे आहे. शरीर जे कमी पडतं ते मागतं. वल्लरीकरवी चार इंजेरा आणि पिठलं घरी मागवलं. डबा आला तो स्वच्छ होता, हे कबूल. तपासलं. बुरशी नाही, तिखटात रंगाची भेसळ नाही, आंबटपणा ताकाइतका. मला चव ओंगळ वाटली, तरी गिळली. टेबलाशी जाहीर केलं, खायला काही हरकत नाही.

सुलभानं एक तुकडा तोडला. त्याची घडी केली. त्या घडीची आणखी एक घडी केली आणि ताटाच्या कडेला ठेवली.

"का गं?"

"तिथं गरम असतं."

वल्लरीनं गरम करूनच वाढलं होतं. वाफ मी पाहिली होती.

नंतर स्वयंपाकघरात वल्लरी श्रीनाथला म्हणत होती, "प्रॉब्लेम इंजेऱ्याचा नाहीये रे. तुला दिसत नाही का?" श्रीनाथ म्हणाला, "आता या वयात त्यांना काय सांगायचं?" कुणाला, ते ऐकू आलं नाही. मला बघून दोघं भांडी आवरू लागले.

२४ मार्च, सोमवार

बेचाळीस किलो चारशे ग्रॅम. नळी टळली, दोन आठवड्यांपुरती.

डॉक्टरीणबाईंनी नोंदी मागितल्या. वही मराठीत, म्हणून नोंदींच्या ओळी तेवढ्या वल्लरीला इंग्रजीत वाचून दाखवायला सांगितल्या. ती वाचू लागली. दुधीची भाजी, फोडणी करपलेली, तसं सांगितलं, ताट सारलं. वरण, हिंग जुना. फुलका कच्चा, काढून ठेवायला लावला. खीर, वेलदोडा कुबट, दोन चमचे. पाच-सहा दिवसांचं वाचून ती थांबली. बहुधा इंग्रजी शब्द सुचेना. मी म्हटलं, वाच, पुढं आहे. तिनं वही मिटून माझ्या हातात दिली.

बाईंनी मला विचारलं, प्रत्येक ओळीत अन्नाचा दोष का लिहिलाय? मी सांगितलं, मी त्यातला जाणकार आहे.  मग बाईंनी सुलभाला विचारलं, कुठं जेवायला बरं वाटतं?

सुलभा खिडकीकडे बघत म्हणाली, "तिरुनेशकडे."

२७ मार्च, गुरुवार

आज ठरवलं, स्वतः जाऊन त्या घराची स्वच्छता पाहायची. आठवड्यातून दोनदा माझी बायको तिथं जेवते, मला हक्क आहे. वल्लरी आणि सुलभा गाडीनं पुढं गेल्या होत्या. मी चालत गेलो, स्टेशनपलीकडे पंधरा मिनिटं.

दार उघडं होतं. समोर स्वयंपाकघर, मधोमध टेबल. खिडकीत मांजर, तेही भांड्यांच्या शेजारी. तिरुनेशचे केस मोकळे. ओट्यावर उघडं पीठ आणि त्यावर फेस. बाहेर फुटपाथवरून मी एवढं टिपलं. चार दोष, आत न जाता.

सुलभा माझ्याकडे पाठ नव्हे, बाजू करून बसली होती. हात मनगटापर्यंत माखलेला. तोंडात घास असतानाच काहीतरी सांगत होती, तिरुनेशला ते कळत नव्हतं, वल्लरी सांगत होती आणि तिघी हसत होत्या. सुलभानं बोटं चाटली. एकेक, पाचही. मला शिसारी आली. पुण्यात किंवा इथं तिला बोटं चाटताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पायरीवर पाय ठेवला. पायरीची फळी वाजली आणि सुलभानं, मान न वळवता, हात परातीवरून मागं घेतला. मांडीवर ठेवला. तिरुनेशनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही.

तिनं मला पाहिलं नव्हतं. नुसत्या आवाजानं.

मी पाय काढून घेतला. गेटापलीकडे, कुंपणाच्या आड जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा आतलं हसणं ऐकू आलं. पाऊस सुरू झाला होता. नोकरीत कितीतरी हॉटेलांत मी शिरलो की खाणाऱ्यांचे हात असेच थांबायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

वल्लरी गाडी काढायला बाहेर आली. "बाबा? कधी आलात? आत का नाही आलात?"

"हवा बरी आहे बाहेर," मी म्हणालो.

तिनं माझ्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून दिलं.

नोंद : पाहिलं नाही.

२९ मार्च, शनिवार

वल्लरीला सांगितलं, यापुढं मी तुमच्या आधी तासभर, माझ्या खोलीत जेवीन. पचनाचं कारण दिलं.

"बरं," म्हणाली. कसलं पचन, ते तिनं विचारलं नाही. श्रीनाथनंही नाही. सिद्धीनं विचारलं, "व्हाय?" तर तिला आईनं आत बोलावलं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

बाल्कनीत गुढी उभारली. बारा वाजता वल्लरीनं ताट खोलीत आणून दिलं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, कोशिंबीर, आणि एका वाटीत अळू. पापाकुऱ्यात अळू कुठं मिळालं, विचारलं. म्हणाली, समोआच्या लोकांच्या दुकानात मिळतं. कुणी केलं, ते विचारलं नाही. अळू चांगलं झालं होतं. पुऱ्या तेलकट. श्रीखंडात जायफळ जास्त, खूपच जास्त, जिभेला चरचरेल इतकं. कुणाला सांगायला गेलो नाही.

एक वाजता ते टेबलाशी बसले. मी पलंगावर बसून होतो, खोलीचं दार अर्धं उघडं. ताटांचे आवाज. सिद्धी काहीतरी सांगत होती. बराच वेळ सुलभाचा आवाज आला नाही. मी कान देऊन होतो. मग आला.

"वल्लरी, अजून एक पुरी वाढ गं. आणि श्रीखंड."

मी उठून दार हळूच लावून घेतलं.